झाडं लावा लगेच, मासे मात्र महिन्याभराने

संपादक महोदय, नमस्कार.

पुरवणीत पाण्यातली झाडं लावलेल्या घरच्या फिशटँकवर लेख आला होता तो वाचला. फोटो एकदम भारी, पण मजकुरात "टँक आणा, झाडं लावा, मासे सोडा" असं जे एका दमात उरकून टाकलंय ना, ते वाचून जरा रागच आला. कारण नवीन माणूस नेमकं तेवढंच वाचतो आणि त्याच संध्याकाळी पिशवीतून मासे घेऊन येतो, मग आठवड्याभरात एकेक मासा वर तरंगायला लागतो आणि घरचे म्हणतात आपल्याला जमत नाही बुवा हे.

जमत नाही असं काही नसतं. मासे पाण्यातच श्वास घेतात, त्यातच घाण करतात आणि त्या घाणीतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्याला दिसत नाही, पाणी अगदी काचेसारखं असतं तरी मासा आतून होरपळत असतो. जुन्या टँकमधे एका प्रकारचे बॅक्टेरिया या अमोनियाचं नायट्राइट करतात (ते पण विषारीच, माशाच्या रक्ताला ऑक्सिजन वाहू देत नाही) आणि दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे त्यामानाने बरंच निरुपद्रवी आणि झाडांना खायला चालतं. हे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, झाडांवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. यालाच टँक सायकल होणं म्हणतात, आणि तुमच्या लेखात याबद्दल एक ओळ नाही!

आता कोणी म्हणेल महिनाभर रिकामा टँक बघत बसायचं का? तर नाही, झाडं पहिल्या दिवसापासून लावायची आणि भरपूर लावायची, चार काड्या खोचून उपयोग नाही. झाडं अमोनिया थेट शोषून घेतात म्हणून व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, हॉर्नवर्ट अशी भराभर वाढणारी सुरुवातीला हवीतच. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहायचं म्हणजे बॅक्टेरियांनाही खुराक मिळतो, आणि पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य दिसलं की मगच मासे, ते पण थोडे थोडे करून.

झाडं विकत घेताना लोक सगळ्यात जास्त फसतात. लकी बांबू, सिंगोनियम, ड्रॅसिना ही सगळी जमिनीवरची झाडं, पण दुकानात सर्रास पाण्यातली म्हणून विकली जातात, काही आठवडे हिरवी राहतात आणि मग हळूहळू सडून पाणीच खराब करतात. बरं, खरोखरची पाण्यातली झाडंसुद्धा नर्सरीत बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढवलेली असतात, त्यामुळे टँकमधे गेल्यावर जुनी पानं वितळून जातात. क्रिप्टोकोरीन तर यासाठी प्रसिद्धच आहे, अख्खं झाड गेलं असं वाटतं, लोक उपटून टाकून देतात, खरं तर मूळ जिवंत असतं आणि काही दिवसांनी नवीन पानं फुटतात. ते नका उपटू!! आणि जावा फर्न, अनुबियास यांचं जाड आडवं खोड खडीत पुरायचं नाही, पुरलं की कुजलं. लाकडाला नाहीतर दगडाला दोऱ्याने बांधायचं किंवा जेलवाल्या सुपरग्लूने चिकटवायचं, चालतं.

झाडांसाठी पाण्यात सोडायच्या सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडरची नवीन माणसाला काही गरज नाही, वरची पाण्यातली सगळी झाडं त्याशिवाय मस्त वाढतात. लाइट मात्र टायमरवर ठेवा, सुरुवातीला दिवसाला ६ तास पुष्कळ झाले. शोभेसाठी रात्री अकरापर्यंत लाइट चालू ठेवला की शेवाळ येणार म्हणजे येणारच. पहिल्या काही आठवड्यांत काचेवर तपकिरी थर येतो तो नवीन टँकमधे येतोच, बोटाने पुसला जातो आणि पुढे आपोआप कमी होतो, त्याच्यावर औषधं ओतू नका.

लेखातल्या फोटोत गोल बाऊलमधे गोल्डफिश दाखवलाय, ते तर कृपा करून नका छापू. गोल्डफिश वीतभर वाढतो, झाडं खातो आणि उपटतो पण. लहान टँक सोपा हा पण गैरसमजच, पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरचा टँक म्हणजे काठोकाठ भरला तर ५४ लिटर, सुरुवातीला बरोबर साइज आहे, फक्त काच आणि खडी धरून वजन ७० किलोच्या आसपास जातं, तेव्हा स्टँड मजबूत हवा.

बाकी मेंटेनन्स म्हणाल तर आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं, नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढणारं औषध घालून. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर क्लोरीनने ते सगळे बॅक्टेरिया मरतात आणि परत पहिल्यापासून सुरुवात.

झाडांच्या टँकची ही स्टाइल जगभर नेणारे जपानचे ताकाशी अमानो स्वतः फोटोग्राफरही होते. अशा फोटोंमागे किती महिन्यांची छाटणी असते ते फोटोत दिसत नाही (त्यांच्या नावाने ओळखली जाणारी अमानो कोळंबी मात्र जरूर पाळा, शेवाळ खाते बिचारी). म्हणून विनंती अशी की पुढच्या वेळी तिसऱ्या आठवड्यातल्या टँकचा फोटोही छापा, अर्धी पानं वितळलेली, काचेवर तपकिरी थर, मासा एकही नाही. म्हणजे वाचकाला कळेल की त्याच्या टँकचं काही बिघडलेलं नाही. आणि सोबत हेही ठळक छापा की छाटलेली झाडं आणि नकोसे झालेले मासे तळ्यात किंवा नदीत सोडू नयेत. जलपर्णीही मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेचं झाड म्हणूनच लोकांनी देशोदेशी नेली होती. छाटलेल्या फांद्या कुंडीत खत म्हणून टाका आणि मासे दुसऱ्या कोणा पाळणाऱ्याला द्या.

आपला,
एक नियमित वाचक