कोटेशनवर वॉट आणि मिलिमीटर लिहा

संपादक महोदय,

रत्नागिरी-सिंधुदुर्गात दोन-अडीच लाखांचा गेमिंग कॉम्प्युटर जोडून घेणारी मुले आता गावोगाव आहेत. सुटे भाग मुंबईहून येतात आणि कोटेशनवर असते फक्त नाव आणि किंमत. एखादा भाग बसला नाही तर उघडलेला खोका परत घ्यायला कोणी राजी नसते. म्हणून विक्रेत्यांना कळकळीची विनंती: पैसे घेण्याआधी कोटेशनवर सॉकेट (प्रोसेसर बसवायची खाच), बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डातल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती, मिलिमीटर आणि वॉट लिहून द्या.

सॉकेट जुळला म्हणजे काम झाले असे नाही. रायझन ७ ९८००एक्स३डी हा प्रोसेसर नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, तो ज्यावर बसतो ते बी६५० मदरबोर्ड २०२२ पासून विकले जातात. सॉकेट दोन्हीकडे एएम५च, पण बोर्डात जुने बायोस असेल तर स्क्रीन काळी राहते आणि नवाकोरा प्रोसेसर खराब ठरवला जातो. बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकचे बटण असले की एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून, प्रोसेसर न बसवताही, बायोस नवे करता येते. बटण नसलेला बोर्ड घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रॅमच्या दोनच स्टिक घ्या आणि प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये लावा. चार लावल्या की या प्रोसेसरचा अधिकृत रॅम-वेग ३६०० वर उतरतो.

कॅबिनेटवर ग्राफिक्स कार्डासाठी समजा ४०० मिमी जागा लिहिलेली असते, ती पुढे रेडिएटर (पाण्याने थंड करणाऱ्या कूलरची जाळी) नसताना. २७ मिमीचा रेडिएटर आणि २५ मिमीचे पंखे लावले की उरतात ३४८. तीन पंख्यांची काही कार्डे त्याहून लांब असतात.

सर्वांत जास्त काळजी हवी ती विजेची. आरटीएक्स ५०८० कार्ड ३६० वॉट घेते, ५०९० तर ५७५. त्यांना अनुक्रमे ८५० आणि १००० वॉटची पॉवर सप्लाय (सगळ्या भागांना वीज देणारा डबा) हवी. कार्डाचा १६ पिनी प्लग बसवल्यावर टॉर्च मारून बघा. केसभरही फट दिसता कामा नये. प्लग अर्धवट बसला तर मोजक्या पिनांवर सगळा करंट येतो आणि प्लास्टिक वितळते. प्लगपासून निदान ३५ मिमी वायर सरळ हवी. बाजूची काच लावताना वायर दाबली जात असेल तर कॅबिनेट अरुंद आहे. जुन्या पॉवर सप्लायच्या वायरी नव्याला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि एसएसडी (डेटा साठवणारा भाग) जळते.

वळिवात आपल्याकडे लाइट दहा वेळा जाते-येते. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, म्हणजे तो एकट्या कार्डातच संपला. निदान ९०० वॉटचा, प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) यूपीएस घ्या. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चांगल्या पॉवर सप्लायसुद्धा अचानक बंद पडतात. घर जांभ्याच्या कातळावर असेल तर उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घाला आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या.

आणि समुद्राकडच्या खिडकीखाली कॅबिनेट ठेवू नका. खाऱ्या हवेने आधी मागच्या पत्र्यावर गंज दिसतो, मग रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. पावसाळ्यात मशीन महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा दिवसाआड तासभर चालवा, आत ओल धरत नाही.

– कॉम्प्युटर जोडणीच्या व्यवसायातील एक वाचक, मालवण