पडद्यावर कुणी विचारत नाही

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पॉर्नविषयी आहे. समोरासमोर बोलताना अवघडलेपणात नेमके तपशीलच राहून जातात, म्हणून लिहितो आहोत. तू पाहतोस का, हे आम्ही विचारत नाही. इंग्लंडमध्ये मुलांच्या हक्कांसाठी नेमलेल्या चिल्ड्रन्स कमिशनरच्या २०२३ च्या अहवालात तिथल्या मुलांनी पहिल्यांदा पॉर्न पाहिल्याचं सरासरी वय १३ निघालं. तू आता अठरा पूर्ण केलीस आणि हॉस्टेलवर राहणार आहेस. तेव्हा ते आजूबाजूला असणार, हे धरूनच चाललेलं बरं.

पॉर्न पाहून माणूस बलात्कारी होतो का? सरळ उत्तर असं की अभ्यासकांचं यावर एकमत नाही. २०१६ मध्ये ७ देशांतले २२ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा जास्त पॉर्न पाहणं आणि लैंगिक आक्रमकता यांचा संबंध दिसला. अंगावर हात टाकण्यापेक्षा तो तोंडी दबाव आणि गळ घालण्याशी अधिक होता. २०२२ च्या अशाच दुसऱ्या आढाव्याला मात्र पुरावा पुरेसा वाटला नाही. आम्हाला सगळ्यात पटतं ते नील मालामुथ या संशोधकाचं म्हणणं. बायकांविषयी आधीच मनात राग असलेल्या आणि सेक्स म्हणजे कुणाला तरी जिंकणं असं समजणाऱ्या पुरुषांमध्ये हा संबंध ठळक दिसतो, बाकीच्यांत फारसा नाही. म्हणजे क्लिप कोणत्या डोक्यात पडते, यावर बरंच अवलंबून आहे.

आम्हाला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. त्या व्हिडिओंत कुणी कुणाला विचारत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत लोकप्रिय पॉर्नपटांतली ३०४ दृश्यं तपासली गेली. सुमारे ८८ टक्के दृश्यांत शारीरिक आक्रमकता होती आणि ती सहन करणारी जवळजवळ नेहमी बाई होती. आक्रमकतेची व्याख्या बदलली की हा आकडा खाली येतो, हेही खरं. पण त्याच अभ्यासातली दुसरी नोंद अधिक महत्त्वाची आहे: ज्यांना मारलं जात होतं, त्या बहुतेक वेळा आनंद दाखवत होत्या, नाहीतर काहीच दाखवत नव्हत्या. शेकडो वेळा हेच पाहिलेल्या मुलाला वाटू लागतं की नकार ही होकाराच्या आधीची पायरी आहे, थोडा जोर लावला की पुढची पायरी येते. खऱ्या खोलीत ती येत नाही. तिथे मुलगी घाबरून गोठते, आणि त्याला वाटतं ती तयार आहे.

पडद्यावर काय लपतं ते नीट बघ. रीतसर निर्मिती असेल तर काय करणार आणि काय नाही हे आधी ठरलेलं असतं, कागदांवर सह्या झालेल्या असतात, रक्ततपासणीचे अहवाल पाहिलेले असतात. मध्ये थांबतात, पाणी पितात, वंगण लावतात, कॅमेऱ्याची जागा बदलतात. कुणी ‘थांबा’ म्हटलं तर तो तुकडा संकलनात उडतो. नेमकं जे शिकण्यासारखं, तेच कापलेलं. म्हणून तिथली वेळही खोटी असते. ५ देशांतल्या सुमारे ५०० जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून केलेल्या २००५ च्या मोजणीत प्रत्यक्ष संभोगाचा मध्यक ५.४ मिनिटं आला. अर्धा तास ‘टिकण्या’साठी गोळ्या विकणाऱ्यांच्या नादी लागू नकोस.

निर्मिती रीतसर नसेल तर समोरची बाई स्वखुशीने तिथे आहे का, हे स्क्रीनवरून कळायला मार्गच नसतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये पॉर्नहब या पॉर्न साइटने पडताळणी न झालेल्या खात्यांवरचे लाखो व्हिडिओ एका फटक्यात काढले, ते याच कारणाने. ‘लीक’, ‘हिडन कॅम’, ‘एमएमएस’ अशा नावांनी फिरतं ते तर उघडूच नकोस. त्यातली मुलगी तुझ्यासारखीच कुठल्यातरी कॉलेजात शिकत असते.

एक धोका जरा सविस्तर सांगतो, कारण मुलांना तो खेळ वाटतो. पॉर्नमध्ये गळा दाबणं इतकं नेहमीचं झालंय की तो प्रेमाचाच प्रकार समजला जातो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबायला फार जोर लागत नाही. मेंदूचा रक्तपुरवठा अडला की दहाएक सेकंदांत शुद्ध जाऊ शकते. बाहेर एकही वळ न उठता आत रक्तवाहिनीचं अस्तर फाटू शकतं आणि काही दिवसांनी पक्षाघात होऊ शकतो. ‘हळूच दाबलं’ म्हणून काही सुरक्षित होत नाही. कुणी मागितलं तरी करू नकोस. कुणाला असं झाल्यावर आवाज बसला, गिळताना दुखलं, डोकं ठणकलं किंवा अंधारी आली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं आणि काय झालं ते स्पष्ट सांगायचं.

‘जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे तिची तयारी होती’ हा समज पॉर्नच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात दिसला. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरवलं, पण १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने अंगावर खुणा नसल्याचं कारण पुढे करून त्यांना सोडलं. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं यांतला फरक त्यांनी मांडला. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की संमती म्हणजे शब्दांनी किंवा हावभावांनी दिलेली स्पष्ट, स्वेच्छेची मान्यता. तिने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती धरायची नाही.

आता प्रत्यक्षात. आपल्याकडे मुलींना थेट ‘नाही’ म्हणायची सवयच लावलेली नसते. ‘उशीर झालाय’, ‘नंतर बघू’, ‘रूममेट येईल’ हे सगळे नकारच आहेत. अंग ताठरणं, श्वास रोखणं, तोंड फिरवणं, नुसतं गप्प पडून राहणं, हेही नकारच. असं काही दिसलं की थांबायचं आणि विचारायचं: ‘नको ना? नको असेल तर नको.’ त्यानंतर रुसायचं नाही, पुन्हा पुन्हा गळ घालायची नाही. आधी हो म्हणाली होती म्हणून आताही हो, असं नसतं. ती प्यायलेली असेल तर विषयच नाही, तिला घरी पोहोचव. आणि एक गोष्ट पहिल्या वर्षाच्या मुलांच्या ध्यानात येत नाही: वर्गातली मुलगी साडेसतरा वर्षांची असू शकते. अठराच्या आत तिचा होकार पॉक्सो कायद्यात धरलाच जात नाही.

फोनबद्दल. एकट्याने, खासगीत प्रौढांचं पॉर्न पाहणं हा आपल्याकडे गुन्हा नाही, पुढे पाठवणं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ खाली पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव होत नाही. लहान मुलांचं पॉर्न तर फोनमध्ये ठेवणंही गुन्हा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा बजावलं. म्हणून व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन मीडिया ऑटो-डाउनलोड बंद कर आणि गॅलरीत दिसणंही बंद ठेव. तसं काही आलंच तर पुढे न पाठवता सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदव आणि त्या ग्रुपमधून बाहेर पड.

पाहताना रोज आणखी तीव्र काहीतरी हवंसं वाटू लागलं, किंवा झोप आणि अभ्यास जायला लागला, तर रात्री फोन पलंगापासून लांब टेबलावर चार्जिंगला लाव. काही आठवडे पूर्ण बंद करून बघ. जमलं नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलतात. यात लाजण्यासारखं काही नाही.

कुणी मैत्रीण तुला येऊन म्हणाली की तिच्यावर बळजबरी झाली, तर ‘तू तिथे गेलीसच कशाला’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस. सरकारी असो की खासगी, कुठलंही हॉस्पिटल तिला फुकट आणि तातडीने उपचार द्यायला कायद्याने बांधील आहे. आधी पोलीस तक्रार लागत नाही. गर्भनिरोधक गोळी आणि एचआयव्ही टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं चांगलं. तिची तयारी असेल तर तपासणीआधी अंघोळ करू नये, कपडे कागदी पिशवीत ठेवावेत. एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून ते परत पाठवू शकत नाहीत. तक्रार द्यायची की नाही, ते तिला ठरवू दे. ती म्हणाली तर आम्हाला रात्री दोन वाजताही फोन कर, आम्ही निघतो.

तुझे,
आई-बाबा