उतारावरचा उंबरा काढल्याबद्दल

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. सरकारी माणसाचं जाहीर कौतुक झालं की बदलीची ऑर्डर येते, अशी मला उगीच भीती वाटते.

मी वडिलांची चाकाची खुर्ची ढकलतो. आमच्या कोपऱ्यावर फुटपाथला उतार झाला आणि पहिल्याच दिवशी खुर्ची अडली. उतार संपून रस्ता लागतो तिथे जेमतेम दोन बोटांचा उंबरा राहिला होता. पुढची छोटी चाकं त्याला थडकली आणि वडील पुढे कलंडले. "एवढं चालतंच," कंत्राटदाराचा माणूस म्हणाला. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती खुर्ची रिकामी मागवलीत, स्वतः ढकलून पाहिलीत आणि तेवढा भाग फोडायला लावलात.

तेव्हाच हिशेबही कळला. १ फूट चढायला १२ फूट लांबी लागते; म्हणजे १५ सेंटीमीटर उंचीच्या फुटपाथला १८० सेंटीमीटरचा उतार. तेवढी जागा नव्हतीच. मग उतार आखूड, उभा करण्याऐवजी तुम्ही कोपऱ्याचा सगळा फुटपाथच खाली आणलात.

त्याआधी मी तुमच्याशी हुज्जत घातली होती, हेही कबूल करतो. वळणाचा गोलावा कमी केलात तेव्हा गाडी लावायची माझी जागा गेली. तुम्ही खडूने रस्त्यावर आखून दाखवलंत: कोपरा ऐसपैस गोल असला की गाड्या वेग कमी न करता वळतात, आणि चालणाऱ्याचं ओलांडायचं अंतर वाढतं ते वेगळंच. मला तेव्हा पटलं नव्हतं. आता रोज ओलांडतो.

पिवळ्या फरश्यांचंही तसंच. मी त्यांना शोभेच्या समजत होतो. दृष्टिहीन माणसाला पायाखाली कळाव्यात म्हणून त्यांच्यावर उंचवटे असतात: लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा. १९६७ साली जपानमधल्या ओकायामा शहरात अशा फरश्या पहिल्यांदा बसल्या, हे तुम्ही मजुरांना सांगत होतात. फुटपाथच्या कडेला ठिपक्यांच्या जागी पट्ट्या लागल्या होत्या. त्या उखडायला लावल्यात. दृष्टिहीन माणसाला त्या पट्ट्यांनी थेट गाड्यांसमोर नेलं असतं.

झाडांच्या बुंध्याला भिडलेलं काँक्रीटही तुम्ही काढायला लावलंत. चेंबरजवळच्या एका झाडाचं तेवढं राहिलंय. तक्रार नाही, नुसती आठवण.

आपला,
कोपऱ्यावरचा, हुज्जत घालणारा