नवी चेन आणण्याआधी

प्रिय मित्रा,

झाडं कापायच्या चेनसॉ मशीनची चेन घडीघडी सैल पडते, कापताना खडखडते, म्हणून बाजाराच्या दिवशी फैजपूरहून नवी चेन आणतो, असं तू फोनवर म्हणालास. जरा थांब भो. आधी स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं चक्र, बघ, मग खिशात हात घाल. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

इंजीन बंद करून पूर्ण थंड होऊ दे, प्लगची टोपी काढ, हातमोजे घाल आणि बारचे, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीचे, नट सोडून झाकण काढ. आत तेलात भिजलेला भुसा घट्ट बसलेला असेल. बाभळीचा भुसा तर पार लगदा होऊन चिकटतो. स्क्रू ड्रायव्हरने खरवड, जुन्या ब्रशने झाड. त्याशिवाय खरं काहीच दिसणार नाही.

क्लचच्या ड्रमला लागून जे दातेरी चक्र आहे, ते स्प्रॉकेट. ड्रम हाताने हळूहळू फिरव आणि एकेक दात उन्हात तिरपा बघ. चेनच्या कड्या जिथे टेकतात तिथे लखलखीत चर पडलेले दिसतील. नख नुसतं घासून गेलं तर चालेल. नख अडकत असेल, म्हणजे चर साधारण 0.5 मिमीच्या पुढे गेला असेल, तर ते स्प्रॉकेट संपलं. काही मशीनमध्ये ड्रमवर वेगळी रिंग बसवलेली असते. तुझ्यात तशी असेल तर नुसती रिंग बदलून भागतं.

आता चेन. चेन ताणली जाते असं आपण म्हणतो, पण लोखंड काही ताणलं जात नाही. प्रत्येक रिव्हेट आणि त्याचं भोक केसभर झिजतं. अशा शंभरेक सांध्यांची झीज एकत्र आली की चेन लांब होते आणि कड्यांमधलं अंतर वाढतं. स्प्रॉकेटही त्या वाढलेल्या अंतराप्रमाणे झिजत जातं. त्यावर तू नवी चेन चढवलीस की तिच्या कड्या दातांत नीट बसणार नाहीत, आणि ती जुनीपेक्षा लवकर खराब होईल. मोटरसायकलचं चेन-स्प्रॉकेट आपण सेटनेच बदलतो ना, तेच इथे. दोन चेनमागे एक स्प्रॉकेट असा हिशोब धर. दोन्ही चेन आलटूनपालटून वापरल्यास तर तिन्ही सोबतच झिजतात. माझ्या मते हेच सगळ्यात स्वस्त पडतं.

चेन काढून हातात घे. खालची टोकदार कडी, जी बारच्या खाचेत पळते, तिचं टोक बोथट झालंय का, कडेला कंगोरे आलेत का, ते बघ. ताणायचा स्क्रू शेवटाला पोचला तरी चेन ढिलीच असेल, तर रिव्हेट गेले समज, मग वरचे दात कितीही शिल्लक असोत.

पण सैल पडणारी प्रत्येक चेन झिजलेलीच असते असं नाही. नवी चेन सुरुवातीला सैल पडतेच. आपल्याकडच्या मे महिन्यात तर ती तापून हमखास लोंबते. गरम असताना आवळलीस तर काम संपल्यावर ढिली करून ठेव. थंड होताना ती आखडते आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर ताण येतो.

भुशाकडेही लक्ष दे. जाडसर ढलप्या पडत असतील तर धार ठीक आहे. पिठासारखं बारीक पडत असेल तर दात बोथट झालेत. वादळात पडलेलं निंबाचं झाड काळ्या मातीत लोळलेलं असतं, त्या मातीने धार लगेच मरते. आधी साल झाडून घे, आणि चेन जमिनीला टेकू देऊ नकोस. काप एका बाजूला वळत असेल तर दोन्हीकडचे दात सारखे लांब आहेत का बघ, आणि बार सपाट फरशीवर उभा धरून एक कड खाली गेली आहे का तेही बघ.

हे एवढं लांबण लावतोय, कारण तू बांधावर एकटाच काम करतोस. झिजलेल्या स्प्रॉकेटवरून चेन उडाली तर आधी उजवा हात सापडतो. मशीनला चेन अडवणारी पिन असते खरी, पण तिच्या भरवशावर राहू नकोस.

स्प्रॉकेटचा फोटो जवळून काढून पाठव, आणि बारवर कोरलेले आकडेही टिपून पाठव. पिच, म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप, 0.325 इंच आहे की 3/8 इंच, हे कळल्याशिवाय काहीच विकत घेऊ नकोस. या दोन मापांच्या चेन एकमेकींच्या स्प्रॉकेटवर चालत नाहीत. आकडे आले की मी जळगावला विचारून ठेवतो.

वहिनींना आणि नानांना नमस्कार.

तुझाच मित्र