बाराबंदीला प्रेस बटणं लावून पाठवल्याबद्दल तक्रार

व्यवस्थापक,

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवलाय, म्हणून सरळ लिहितो. तुम्ही पाठवलेला माल बाराबंदी, म्हणजे १२ बंदांनी (नाड्यांनी) बांधायचा अंगरखा, नाही. पुढं प्रेस बटणं आहेत आणि १२ बंद नुसते शोभेला वरून शिवलेत, ओढले की हातात येतात. वर रंग क्रीम. ऑर्डरमध्ये पांढरा लिहिलाय.

तुमच्या मॅडम म्हणतात, "सर, ऑफव्हाइट म्हणजे व्हाइटच की, फोटोत सेम दिसतं." मी म्हटलं मॅडम, हे फोटोला नाही, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे देवाची उंच मानाची काठी, पेलणाऱ्या पोरांना आहे. तर म्हणाल्या, "मग तुमच्या इव्हेंटची थीम क्रीम ठेवा ना." थीम! सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेची थीम आता तुमचं कॉल सेंटर ठरवणार का? सीनियरला द्या म्हटलं तर होल्डवर टाकलं, बराच वेळ गाणं वाजलं आणि परत त्याच मॅडम, "बटणं तुमच्याच सोयीसाठी आहेत सर, बांधायला वेळ जात नाही."

कसली सोय? बंद आवळून बांधले की कापड अंगाला बसतं. काठीचा भार आला, छाती ताणली की बटणं पटापट सुटतात, सरावातच सुटली, पोरं एका हातानं छाती झाकत होती. भोगीला ७ नंदीध्वज शहरातल्या ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात, दुसऱ्या दिवशी देवळाजवळच्या संमती कट्ट्यावर महाराजांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता, एवढ्या गर्दीत काठीला हात लावायला कुणाला पुढं सोडायचं ते लोक त्या पांढऱ्या बाराबंदीवरनं ओळखतात, आमची पोरं क्रीममध्ये उभी राहिली तर पाहुणे म्हणून बाजूला काढतील त्यांना.

तुम्ही सोलापूरचेच म्हणून भरवसा ठेवला हो. देशभरातल्या शाळांचे युनिफॉर्म या गावात शिवले जातात, तिथं शर्टाचा शेड जरा हलला तर शाळा अख्खा लॉट परत पाठवते आणि तुम्ही गुमान घेता. मग आम्हालाच का "सेम दिसतं"? पांढरा म्हणजे पांढरा, परत सांगतो, ऑर्डरमध्ये लिहिलाय.

यात्रेच्या आधी पांढऱ्या सुती कापडाचे, खरे १२ बंद असलेले सेट द्या, नाहीतर सगळे पैसे परत करा. नाहीतर बिल आणि कॉल रेकॉर्डिंग घेऊन ग्राहक आयोगात जातो, आणि पुढच्या वर्षी आमच्या भागातली एक ऑर्डर तुमच्याकडं येणार नाही हेही बघतो. क्रीमचे गठ्ठे न्यायला माणूस पाठवा, रिटर्नचा खर्च आम्ही देणार नाही.