मॉरिशस १९९२ ला स्वतंत्र झालं नाही हो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला मॉरिशसवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. '१२ मार्च १९९२ रोजी ब्रिटिशांचं जोखड झुगारलं' असं ठळक टाइपात छापलंय तुम्ही. अहो, स्वातंत्र्य १९६८ ला मिळालं, तेही १२ मार्चलाच, पण तारीख एक म्हणून साल पण एकच होतं का? ९२ ला मॉरिशस प्रजासत्ताक झालं, म्हणजे ब्रिटनच्या राणीच्या जागी राष्ट्रपती आले, तेही संसदेत मतदान होऊन. ९० मध्ये हाच प्रयत्न तीन चतुर्थांश मतं जमेनात म्हणून बारगळला होता, मग ९१ च्या निवडणुकीत पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ आणि पॉल बेरांजे या नेत्यांच्या पक्षांच्या युतीच्या ५७ जागा आल्या तेव्हा कुठे डिसेंबरात बिल पास झालं. पहिले राष्ट्रपती रिंगाडू, म्हणजे जे शेवटचे गव्हर्नर जनरल होते तेच! यातलं एक अक्षर लेखात नाही. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीतला फरक आपल्याकडे शाळेतलं पोरगं सांगतं.

मी तेव्हा नोकरीनिमित्त तिथे राहायचो. शेजारी एक मराठी कुटुंब होतं, पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात मजुरीला गेलेले. त्या घरातल्या आजोबांचा जमिनीचा दावा कोर्टात अडकलेला, कागदपत्रं साखरेच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून कपाटावर ठेवलेली असायची. प्रजासत्ताक होणार म्हटल्यावर आजोबा खूश, आता निकाल इथेच लागणार, लंडनला जायला नको. वकिलाने सांगितलं, राणी गेली तरी शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच, म्हणजे तिथल्या ब्रिटिश न्यायाधीशांच्या अपील कोर्टाकडेच. म्हातारा खुर्चीत बसूनच राहिला, मला म्हणाला, मग बदललं काय? मला उत्तर देता आलं नाही. आपण प्रजासत्ताक व्हायच्या आधीच, १९४९ मध्ये, प्रिव्ही कौन्सिलचा रस्ता बंद केला होता, त्यांनी तो आजही चालू ठेवलाय. यावर मतं वेगवेगळी असतील, लंडनचे न्यायाधीश स्थानिक राजकारणापासून लांब असतात असं म्हणणारे तिथेही भेटले मला, पण लेखकाने निदान उल्लेख तरी करायचा! ज्याची जमीन अडकलीये त्याच्यासाठी हाच मुद्दा सगळ्यात मोठा असतो.

आणि अजून एक, तिथल्या मराठी लोकांना 'मोडकंतोडकं मराठी बोलणारे' म्हणायची काय गरज होती? घरात क्रिओल (फ्रेंचवरून तयार झालेली तिथली बोली), ऑफिसात इंग्रजी-फ्रेंच, तरी पोरांना शाळेत मराठी विषय घ्यायला लावतात, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. आपल्याकडे मराठी शाळांची काय अवस्था आहे ते तुमच्याच पेपरात रोज वाचतो. शिवाय फोटो छापला तो बीचवरच्या हॉटेलचा, संसदेचा एक फोटो मिळाला नाही का?

चुकीची दुरुस्ती छापा, आणि ती पहिल्या पानावर दिसेल अशी छापा, शेवटच्या पानावर जाहिरातींच्या खाली नको.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली