सईच्या शाळेला दहापैकी पाच

सॅन होजे, कॅलिफोर्निया
२० ऑक्टोबर २०२४

सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार.

परवा दाजींनी फोनवर विचारलं, "सईच्या शाळेला दहात पाचच म्हणे, मग तिथं ठेवलीस कशाला?" फोनवर ते नीट सांगता आलं नाही. शिवाय तू स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्ग सांभाळतेस, तुला यातली मेख लगेच कळेल. म्हणून सविस्तर लिहितोय. दाजींनाही वाचून दाखव.

पहिली गोष्ट, ते पाच सरकारनं दिलेले नाहीत. ग्रेटस्कूल्स नावाची एक संस्था शाळांना असे आकडे देते. घरं विकणाऱ्या वेबसाइटवर किती बेडरूम, किती बाथरूम यांच्या जोडीला तो आकडा झळकतो. आपली मराठी मंडळी घर बघायला निघाली की आधी शाळेचा नंबर विचारतात, छप्पर गळतं का ते मागाहून. शाळेचा नंबर चढला की घराची किंमत चढते, मग तिथं ज्यांना परवडतं तेच राहायला जातात आणि त्यांची मुलं पुन्हा नंबर चढवतात.

या आकड्यात मोठा वाटा राज्याच्या परीक्षेचा. इंग्रजी आणि गणित, तिसरी ते आठवी दरवर्षी आणि मग एकदम अकरावीला. मिडल स्कूल म्हणजे इथं सहावी ते आठवी, म्हणजे सईला तिन्ही वर्षं चुकत नाही. परीक्षा कॉम्प्युटरवर, आणि तिची तऱ्हा तुला आवडेल. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा. दोन शेजारच्या मुलांचा पेपर सारखा नसतो, त्यामुळे मान वळवून उपयोग नाही. हुशार पोरंही बाहेर येतात ती "फार अवघड गेला" म्हणतच, कारण त्यांना अवघडच प्रश्न आलेले असतात. वेळेचं बंधन नाही. सहावीपासून गणिताच्या काही भागात स्क्रीनवरच कॅल्क्युलेटर मिळतो (हे आईला सांगू नकोस, ती अजून मला पाढे विचारते). नापास कुणी होत नाही, हे गुण प्रगतिपुस्तकातही धरत नाहीत. आईवडिलांनी लेखी कळवलं तर मूल परीक्षेला बसलं नाही तरी चालतं. मग काही मुलं जीव तोडून लिहितात, काही नुसती बटणं दाबून मोकळी होतात, आणि सरासरी दोघांची मिळून निघते.

या परीक्षेचे गुण शंभरात नाही, हजारांत मोजतात. सईला सातवीच्या गणितात २५८१ आले. सातवीची अपेक्षित पातळी २५६७ पासून सुरू होते, म्हणजे ती थोडी वर आहे. सहावीत २५३८ होते आणि तेव्हाची रेघ २५५२ वर होती. एका वर्षात रेघेखालून रेघेवर आली. हे तिच्या त्याच "पाच"वाल्या शाळेत झालं, क्लास न लावता. आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत मुलं आठवड्यातून दोनदा गणिताच्या क्लासला जातात. त्यांच्या शाळांचे आकडे चांगले दिसतात, पण त्यात शाळेची मेहनत किती आणि क्लासच्या फीची किती, हे कुणी वेगळं काढत नाही.

आणि "पाच" म्हणजे काय तेही बघ. राज्याच्या मानानं साधारण मधली शाळा. २०२४ मध्ये अख्ख्या कॅलिफोर्नियात गणितात अपेक्षित पातळीला पोचलेली मुलं साधारण ३५.५ टक्के, इंग्रजीत ४७. करोनाच्या आधी, २०१९ मध्ये, हेच आकडे जवळजवळ ४० आणि ५१ होते. तेव्हा सगळं राज्यच खाली आलंय. खरं तर २००२ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केलेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यानं २०१४ पर्यंत देशातली शंभर टक्के मुलं आपापल्या राज्याच्या अशा रेघेवर आणायची असं ठरवलं होतं. ते झालं नाही, २०१५ मध्ये कायदाच बदलला. आपल्याकडं त्याच वर्षी मुलांची पातळी उंचावण्यासाठी सरकारचं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं आणि तू रात्री जागून तक्ते भरत होतीस, ते आठवलं.

सईच्या शाळेचा निकाल राज्याच्या संकेतस्थळावर गटागटानं फोडून दिलाय. मी तो एक रविवार बसून बघितला. इंग्रजी अजून शिकत असलेल्या मुलांचा गट सगळ्यात खाली. शाळेत स्पॅनिश आणि व्हिएतनामी बोलणाऱ्या घरांतली मुलं पुष्कळ आहेत, तेव्हा सरासरी तिथंच खचते. पण मूल इंग्रजी चांगलं शिकलं की त्याला त्या गटातून काढतात. म्हणजे जो सुधारला तो बाहेर, आणि जो नुकताच देशात आला तो आत. असा गट कधी वर दिसणार? तुझी पाचवीतली चांगली पोरं नवोदयला निवडली गेली की सहावीच्या वर्गाची अवस्था काय होते, तसंच हे.

मी उलट दुसरंच बघितलं: गेल्या वर्षीपेक्षा शाळा वर गेली की खाली. राज्य स्वतःही शाळांना लाल ते निळा असे रंग देताना हे धरतं. सईची शाळा गणितात थोडी वर सरकली आहे. विज्ञानाच्या बाई उत्तम आहेत, वाद्यवृंद आहे, चालत सात मिनिटं. एकच खटकतं, गणितात पुढं असलेल्या मुलांना पुरेसं आव्हान मिळत नाही. ते मी शिक्षकांना भेटून बोललो, आणि त्यांनीही ते मान्य केलं. पण तेवढ्यासाठी दुप्पट भाड्याच्या गावात जायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

आता तुझ्याकडं एक काम. आठवीच्या शिष्यवृत्तीच्या गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर ठेव, सेमी-इंग्रजीच्या. बुद्धिमत्ता चाचणीच्याही चालतील, सईला ती कोडी फार आवडतात. शेजारचे कुलकर्णी डिसेंबरात साताऱ्याला येणार आहेत, त्यांच्याकडं दे. गोडा मसाला पाठवायचा असेल तर तो मात्र वेगळ्या पिशवीत, मागच्या वेळी सगळ्या पुस्तकांना वास लागला होता.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बंडू